कुत्बे-जुनूबीचे उमेदवार

वैशाखाचं ऊन, अंगात जाड लोकरीचा कोट, डोक्याला कानटोपी, कमरेला दोर आणि त्या दोराच्या टोकाला दगडांनी लादलेली लाकडी फळी. असा एक पन्नाशीचा गृहस्थ भूमच्या माळावरून ती फळी ओढत, धापा टाकत चाललेला मी माझ्या संसाराच्या पहिल्याच दिवशी पाहिला. मी छकड्यातून उतरत होते. आमच्या ह्यांना हळूच विचारलं, "कोण हो ते?"

"आमचे साहेब," हे म्हणाले.

मला वाटलं, झालं! वडलांनी माकणीहून मला उचलली आणि वेड्यांच्या वस्तीत आणून टाकली.

भूम गावाबाहेर उंच माळावर तेव्हा निजाम सरकारची हवामान चौकी होती. दोन खोल्या साहेबांच्या, दोन आमच्या, आणि मधे पत्र्याची एक शेड. चौकीवर माणसं तीनच, साहेब, त्यांच्या हाताखाली आमचे हे, आणि रांधायला मी. साहेब वयानं माझ्या वडलांएवढे, पण मला 'वहिनी' म्हणायचे. मी त्यांना काका म्हणायचे. गाव त्यांना 'फुगेवाले मुन्शी' म्हणायचं, कारण चौकीचं कामच ते होतं. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी एक मोठा रबरी फुगा आभाळात सोडायचा, तिपाईवरच्या दुर्बिणीतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहायचा, आणि वर कुठल्या उंचीवर वारा कुठून कुठं वाहतो ते काढून हैदराबादला तारेनं कळवायचं. विमानांना लागतं म्हणे. आमच्या भूमवरून विमान गेलेलं मी कधी पाहिलं नाही, पण काका चौकीवर असले की फुगा मात्र एक दिवस चुकला नाही.

ती फळी ओढायची भानगड काय, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. शेजारच्या रानातले पाटील बांधावर उभे राहून कळवळून म्हणाले, "मुन्शीजी, बैल मेला का काय तुमचा? माझा न्या की दोन दिस."

"बैल तिथं टिकत न्हाईत, पाटील. माणसालाच वढावं लागतंय."

"तिथं म्हंजे कुठं?"

"कुत्बे-जुनूबी."

पाटलांना तो कुठलातरी दर्गा वाटला. "नवस हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी हात जोडले.

काका मूळचे परंड्याचे, पण शिकले हैदराबादला, आणि शिकले ते सगळं उर्दूतून. त्यामुळं दक्षिण ध्रुव त्यांच्या तोंडी कायम 'कुत्बे-जुनूबी'च राहिला. विद्यार्थी असताना तिथल्या एका प्रोफेसरांनी त्यांना ध्रुवावर गेलेल्या मंडळींच्या हकिकती वाचायला दिल्या, आणि हा माणूस मनानं जो तिकडं गेला तो परत आलाच नाही. लग्न केलं नाही. जगातून कुठूनही कुणी जहाज घेऊन तिकडं निघाल्याचं वर्तमानपत्रात आलं, की हे त्या लोकांना लिहायचे की फुगे सोडायला माझ्याइतका सवयीचा माणूस तुम्हाला मिळणार नाही. उत्तर कधी आलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. "लांबचं काम हाय, वहिनी. टपालाला येळ लागतो," एवढंच म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिकडं बर्फावरून सामान ओढायचा सराव म्हणून पुन्हा फळीला जुंपून घ्यायचे.

त्यांच्या खोलीच्या चुन्याच्या भिंतीवर त्यांनी निळीनं दक्षिण ध्रुवाचा नकाशा काढला होता. मधे पांढरा गोळा, भोवती निळं पाणी. दर पावसाळ्यात ती भिंत पाझरायची आणि समुद्र बर्फात शिरायचा. मग दिवाळीच्या आधी काका नवा चुना लावून बर्फ होता तेवढा करायचे.

आपली चौकी म्हणजे ध्रुवावरचं ठाणंच आहे, असं ते धरून चालायचे. आणि खरं सांगायचं तर त्यात फार खोटं नव्हतं. गाव हाकेच्या अंतरावर नव्हतं, पाणी खालून आणावं लागायचं, आणि दिवसच्या दिवस आम्हा तिघांशिवाय माणसाचं तोंड दिसायचं नाही. अशा जागी माणसं थंडीनं मरत नाहीत, एकमेकांच्या तोंडाला विटून मरतात, असं काका सांगायचे. म्हणून त्यांनी नियम घालून दिले होते. जेवणाला नाव ठेवणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी स्वैपाक करायचा. आमच्या ह्यांनी एकदाच पिठलं पातळ झालं म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही जे खाल्लं त्यानंतर ह्यांनी जन्मात माझ्या हाताला नाव ठेवलं नाही. दुसरा नियम असा की रात्री जेवताना प्रत्येकानं एक नवी गोष्ट सांगायची, आधी सांगितलेली चालणार नाही. मी घरातली थोरली, लहानपणापासून फक्त ऐकून घेत आलेली. पहिल्या महिन्यात माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग माकणीच्या नदीच्या, आमच्या अक्कांच्या, कानडी मावशीच्या भांडणांच्या गोष्टी निघायला लागल्या, त्या थांबेनात. मी बोलायला शिकले ते त्या माळावर. दुसऱ्या कुणी शिकवलं असं मला सांगता येणार नाही.

माझ्यावर मात्र एक नियम फार कडक होता. फुगा भरायचा वायू त्या पत्र्याच्या शेडमध्येच तयार व्हायचा. एका लोखंडी हंड्यात कॉस्टिक सोडा, ॲल्युमिनियमचा चुरा आणि पाणी घातलं की आत खदखद सुरू व्हायची आणि नळीतून वायू निघायचा. ठिणगी लागली तर चौकीसकट आपण तिघं वर जाऊ, असं काका हसत सांगायचे. त्यामुळं फुग्याची वेळ आली की शेडमधून हाक यायची, "वहिनी, चूल!" की मी हातातलं टाकून लाकडं ओढायची, पाणी मारायचं. सकाळचा फुगा, संध्याकाळचा फुगा. भाकरी तव्यावर अर्धी कच्ची असो की वरण उकळत असो. माझ्या संसाराचं वेळापत्रक आभाळानं ठरवलेलं होतं. मी चिडायची. एकदा म्हटलंही, "काका, तिकडं कुत्बे-जुनूबीला बायका नसत्याल म्हणूनच तुमचं निभतंय." काका गंभीरपणे म्हणाले, "खरंय. त्यांनी तिथं चुकी केली."

आता बर्फाचं सांगते. आमच्याकडं जून असतो, सरकारी अमरदाद महिना, तेव्हा तिकडं ऐन हिवाळा. त्या दिवसांत तिकडं सगळ्यात लांब रात्र येते, आणि तिथली माणसं त्या दिवशी मोठी मेजवानी करतात, कारण त्यानंतर अंधार कमी व्हायला लागतो. काकांनी ती मेजवानी भूमला सुरू केली होती. मी गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर करायची, तूप जास्त घालायचं. काका इस्त्रीचा कोट घालून यायचे आणि बाहेर लख्ख उजेड असताना "आज अंधेरा खतम व्हायला लागला" असं जाहीर करून पहिला घास घ्यायचे.

एका वर्षी त्यांच्या मनानं घेतलं की मेजवानीला बर्फ पाहिजे. सोलापूरच्या कारखान्यातून रेल्वेनं बार्शीला, बार्शीहून बैलगाडीत लाकडाच्या भुशात, वर ओली पोती घालून, असा तो बर्फ निघाला. गाडीवान रस्त्यातल्या प्रत्येक गावी थांबून लोकांना दाखवत आला, एका गावात त्यानं आजारी म्हातारीला चिमूटभर दिलाही. माळावर पोचेपर्यंत आमच्या वाट्याला लिंबाएवढा तुकडा उरला होता. बघायला अर्धं भूम जमलं. पाटलीणबाईंनी बोट लावलं आणि ओरडल्या, "अगं बया, भाजतंय की!" काकांनी तो तुकडा तळहातावर घेतला. आयुष्यभर ज्याचा ध्यास घेतला ते त्यांनी पहिल्यांदाच हातात धरलं होतं. बोटांतून पाणी गळत होतं, आणि त्यांच्या तोंडावर जो भाव होता तो मी पुढं माझ्या पहिल्या पोराला हातात घेताना आमच्या ह्यांच्या तोंडावर पाहिला. शेवटचं पाणी ते पिऊन गेले. "खारट न्हाई," म्हणाले. समुद्राचा असेल अशी त्यांची समजूत होती की काय, देव जाणे.

ह्या सगळ्या वेडेपणाच्या मुळाशी एक गोष्ट होती, ती मात्र वेडेपणाची नव्हती. काका म्हणायचे, "तिकडं तपासायला कुणी येत न्हाई, वहिनी. हजार कोसांत दुसरा माणूस न्हाई. थंडी वाजती म्हणून तू बाहेर न जाता आतच बसून आकडा ठोकून दिलास तर कुणाला कळणार? म्हणून न्यायच्या आधीच माणूस तपासत्यात. ज्यानं एकदा जरी खोटा आकडा घातला, तो माणूस तिकडं चालत न्हाई." फुगा ढगात गेला तर ते 'ढगात गेला' म्हणायचे. पुढं कुठं गेला असेल हे ठाऊक असलं तरी सांगायचे नाहीत. आणि दिसला तर दिसला तेवढा सगळा सांगायचे, कुणाला आवडो न आवडो. वेळेचंही तसंच. फुगा क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही. वादळ असो, अंगात ताप असो.

ह्याच स्वभावानं आमच्यावर संकट आणलं.

पावसाळ्यात आपल्याकडं वारा पश्चिमेकडून येतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण फुगा खूप वर गेला की तिथला वारा उलटा, पूर्वेकडून वाहणारा असतो. म्हणजे फुगा सुटल्यावर आधी वाशी-कळंबच्या अंगाला जातो, आणि आभाळ मोकळं असलं तर वर कुठंतरी थबकतो, वळतो आणि आपल्याच डोक्यावरून माघारी खर्ड्याकडं निघतो. काकांना ह्या वळण्याचं फार कौतुक. आठवडी बाजारात तेल घ्यायला गेले तरी तेल्याला हाताचा फुगा करून दाखवायचे, "असा जातो, असा फिरतो आन् असा माघारी येतो." ऐकणारे "लई भारी" म्हणून मान डोलवायचे.

आता खर्डा म्हणजे हद्दीपलीकडचं गाव. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात ती हद्द साधी राहिली नव्हती. दिल्ली सरकारनं नाकेबंदी केलेली, मीठ मिळत नव्हतं, रॉकेल मिळत नव्हतं. रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं बार्शीकडं निघून गेलेली. माझा दीरही तिकडं, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कँपात होता. अशात कुणा धनगराला खर्ड्याच्या शिवारात फुटक्या फुग्याचं लाल रबर सापडलं. ते रबर हातोहात फिरलं, बाजारात त्यावर गोष्ट तयार झाली, आणि गोष्ट काकांच्याच तोंडची होती. मुन्शीचा फुगा वर जाऊन वळतो आणि हद्दीपलीकडं जातो. मग तो रिकामा कशाला जाईल? त्यातून इकडच्या खबरी जातात.

काका त्या दिवशी सामान आणायला धाराशिवला गेले होते. ठाण्याचे शिपाई आले आणि आमच्या ह्यांना घेऊन गेले. भाऊ कँपात, म्हणजे हाच खबऱ्या, असा हिशेब. मी माळावर एकटी राहिले.

दुसऱ्या दिवशी काका परत आले ते तसेच पिशवी खाली न ठेवता ठाण्यात गेले. ठाण्याचे अमीन, म्हणजे फौजदार, पोक्त मनुष्य होते, पण त्यांच्या मानगुटीवर रझाकारांचा एक तरुण पुढारी बसलेला. त्याला ह्यांना धाराशिवच्या तुरुंगात धाडायचं होतं. त्या दिवसांत तिकडं गेलेली माणसं सगळीच परत येत नव्हती. अमिनांनी काकांना एकच सवाल केला. फुगा हद्दीपलीकडं जातो का?

काका मला येऊन सांगत होते, मी पदर तोंडात धरून ऐकत होते. "मग तुम्ही काय म्हणला?"

"काय म्हणणार? जातो म्हणलं. आभाळ मोकळं असलं तर जातो."

मी आयुष्यात कुठल्या थोरल्या माणसाला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "काका, एक न्हाई म्हणला असता तर जीभ झडली असती का तुमची? फुगा जातो का न्हाई जातो, कुणाचं काय अडलंय त्यावाचून? ह्यांचा जीव अडकलाय तिथं! तुमचा कुत्बे-जुनूबी ठेवा तुमच्यापाशी, माझा माणूस आणून द्या मला."

काका नकाशासमोर जाऊन बसले. संध्याकाळी फुगा एकट्यानंच सोडला, एकट्यानंच पाहिला, एकट्यानंच आकडे मांडले. रात्री जेवताना मी नवी गोष्ट सांगितली नाही, त्यांनी मागितली नाही.

सकाळी ते पुन्हा ठाण्यात गेले आणि अमिनांना म्हणाले, "माझं ऐकू नका, बाजाराचंही ऐकू नका. माळावर या, दुर्बिणीत डोळा लावा, फुगा कुठं जातो ते स्वतः बघा. पण माझा आकडे लिहिणारा माणूस मला पाहिजे. त्याच्याबिगर फुगा सुटत न्हाई." आदल्याच संध्याकाळी त्याच्याबिगर सुटला होता, पण ते अमिनांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी ते सगळे माळावर आले. अमीन, तो खाकीतला पुढारी, दोन शिपाई आणि मधे आमचे हे. दाढी वाढलेली, एक डोळा सुजलेला. मला जवळ जाता येत नव्हतं. मी चुलीवर चहाचं आधण ठेवलं, कारण फुग्याला अजून पुष्कळ अवकाश होता. लिंबाची सावली ओट्याला आली की फुग्याची वेळ व्हायची, आणि ती अजून अंगणाच्या निम्म्यातही नव्हती. अंगणात काका आभाळाकडं बघत उभे होते. आभाळ तुकड्यातुकड्यांचं होतं. आत्ता डोक्यावर पूर्वेपर्यंत ढगांची एक जाड पट्टी होती, आणि तिच्या मागं पश्चिमेकडून निळं, मोकळं आभाळ सरकत येत होतं. फुग्याच्या वेळेला ते बरोब्बर आमच्या डोक्यावर आलं असतं. मग फुगा वर जाताना दिसला असता, थबकताना दिसला असता, आणि वळतानाही.

काकांनी एकदा ह्यांच्या सुजलेल्या डोळ्याकडं पाहिलं. शेडमध्ये गेले. हाक आली, "वहिनी, चूल!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी दारात आले. काकांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी मुकाट्यानं आधण उतरवलं आणि लाकडांवर पाणी मारलं.

अमिनांनी विचारलं, "वक्त हो गया, मुन्शीजी?"

"हो गया," काका म्हणाले.

लाल फुगा सुटला. अमिनांचा डोळा दुर्बिणीला, काका शेजारी उभे राहून त्यांना चक्र कसं फिरवायचं ते सांगतायत, आणि मिनिटामिनिटाला आकडे बोलतायत, हे लिहितायत. फुगा पूर्वेला गेला, वाशीच्या अंगाला, लहान लहान होत. मग ढगाच्या पोटात शिरला आणि संपला.

"कहाँ गया?" पुढाऱ्यानं विचारलं.

"ढगात गेला," काका म्हणाले. रोज म्हणायचे तेच.

अमीन ताठ झाले आणि त्या तरुणाकडं वळले. "देख लिया? मशरिक कू गया. अपनेच मुल्क में. मैं अपनी आँखों से देखा, वैसाच लिखूँगा." तो काहीतरी पुटपुटला, पण अमिनांच्या शब्दापुढं त्याचं चाललं नाही. ह्यांना तिथंच सोडून सगळे माळ उतरून गेले. ते दिसेनासे होतात न होतात तोच आभाळ उघडलं. लिंबाची सावली ओट्याला लागली. खऱ्या वेळेला आभाळात फुगा नव्हता.

हे हर्षानं वेडे झाले होते, त्यांना वेळेचं भान कुठून असणार? मला होतं. मी काकांच्या पाया पडायला गेले तर त्यांनी पाय मागं घेतले. "पडू नका, वहिनी," म्हणाले. "आजपासून मी तिकडं चालत न्हाई."

मी खूप समजावलं. पाप लागत नाही, जीव वाचला, देवसुद्धा असं खोटं बोलला असता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नव्हते, पस्तावलेही नव्हते. "तुमचा माणूस सुटला हे लई झालं. पुन्यांदा येळ आली तर पुन्यांदा हेच करीन," म्हणाले. "पण म्हणूनच तिकडं नेत न्हाईत असल्या माणसाला." दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरचे दगड माळावर ओतले आणि फळी मला कपडे धुवायला दिली. भिंतीवर चुन्याचा हात मारला, पण ह्या वेळी निळीनं समुद्र काढला नाही. फुगे मात्र पहिल्यासारखे वेळेवर सुटत राहिले. त्यांच्या आवाजातला हुरूप तेवढा गेला होता, आकडे बोलताना ते घासलेल्या रेकॉर्डसारखे वाटायचे. मला आमचे हे दारात दिसायचे आणि काकांची ती कोरी भिंत दिसायची. ज्याच्या जिवावर माझं कुंकू राहिलं त्याचं मी सगळं घेतलं होतं आणि परत द्यायला माझ्यापाशी काही नव्हतं.

पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. आता गावात घाबरणारी माणसं बदलली. काल ज्यांना लोक सलाम करत होते त्यांच्या दारापुढून जाताना लोक थुंकायला लागले. अमीनसाहेबांची बदली की बडतर्फी, काहीतरी आलं होतं. ते दारंखिडक्या लावून, बांधलेल्या ट्रंकांवर घरात बसून होते. त्यांच्याकडं जायला हिंदू तर सोडाच, मुसलमानही धजत नव्हते. भर दुपारी काकांनी इस्त्रीचा कोट चढवला.

"कुठं निघाला, काका?"

"अमीनसाहेबांकडं. त्यांना खोटं सांगितलंय मी. ते निघून गेल्यावर कुणाला सांगू?"

"आता त्याचं काय हो? राज्य गेलं, फुगा गेला. उगं लोक तुमच्यावर दगड घालतील."

"घालू द्या," म्हणाले, आणि माळ उतरून भर बाजारातून चालत गेले.

ते परत येईपर्यंत मी ओट्यावरून हलले नाही. आले ते दमून, कोटाला चिखल लागलेला. कुणी फेकला विचारलं तर म्हणाले, "पोरं हायत." ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि सांगायला लागले.

अमिनांनी दार अर्धवट उघडलं. काकांना बघून आत घेतलं, ट्रंकेवर बसवलं. काकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, "साहेब, त्या दिवशी मी म्हणलं वेळ झाली. झाली नव्हती. ढग जायच्या आत फुगा सोडला."

अमीन म्हणे हसले. कित्येक दिवसांनी हसल्यासारखे. म्हणाले, "मुन्शीजी, ठाण्याच्या भिंतीवरचं घड्याळ रोज मागं पडतं. आमचा हवालदार तुमचा संध्याकाळचा फुगा बघून ते रोज लावतो. अख्ख्या भूममधे तेवढी एकच वेळ खरी. फुगा आधी सुटला हे मला तिथं माळावर उभं राहून कळणार नाही का?"

अमिनांना ठाऊक होतं आणि त्यांनीही तोंड उघडलं नाही, आपल्या नोकरीवर, कदाचित जिवावर बेतणार होतं तरी. काकांना हे कळायला हवं होतं, का गप्प बसलात ते त्यांनी विचारायला हवं होतं. पण ते काका होते. त्यांनी घाबरून विचारलं ते हे, की मग त्या दिवशी माझ्या फुग्यावर ठाण्याचं घड्याळ लावलं का? गावात खोटी वेळ गेली का?

"आन् ते काय म्हणाले?" मी विचारलं.

माझ्या डोळ्यांदेखत त्या माणसाचा चेहरा पोरासारखा वाकडा झाला.

"त्या दिवशी त्यांनी घड्याळ लावू दिलं न्हाई, वहिनी," ते म्हणाले. "हवालदार लावाया निघाला होता. अमीन म्हणले, आज राहू दे, उद्या लाव, उद्या मुन्शीचा फुगा बरोबर सुटंल."

आणि तिथंच ओट्यावर, कोटाच्या बाहीत तोंड घालून काका रडले. मी त्यांना थांबवलं नाही. आत हे काय झालं म्हणून विचारत होते, त्यांना मी हातानंच थांबा म्हटलं, आणि काकांच्या शेजारी जाऊन बसले.